दोन अर्धे डबे

किंग्जव्हिल, टेक्सस
१५ फेब्रुवारी १९८७

पद्मा,

मायना तू मनातल्या मनात वाचून घे. मी मोठी बहीण आहे, तेव्हा आशीर्वादही धरून चाल.

तुझं पत्र पोचलं. आई ऑगस्टात परत गेली तेव्हापासूनचं हे तुझं पहिलं पत्र, आणि त्यात वरपासून खालपर्यंत मला झोडपलं आहेस. आईच्या पंचाहत्तरीला मी फोन केला नाही. दिवाळीच्या कार्डावर नुसती सही करून पाठवली. ‘पुन्हा कधी येऊ?’ असं तिने विचारलं, त्याला उत्तर दिलं नाही. ‘सहा महिने म्हातारीकडून घर आवरून घेतलंस, आणि आता गरज सरो वैद्य मरो.’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. म्हण अगदी योग्य जागी वापरली आहेस. राग यायला हवा होता, पण आला नाही.

आवरायला मी तिला सांगितलं नव्हतं. तिचं तुला माहीत आहे, हातावर हात ठेवून बसली तर तिला ताप येतो. आम्ही दोघं सकाळीच हॉस्पिटलात जायचो, प्रताप त्याच्या ऑपरेशनना आणि मी तळमजल्यावर माझ्या फार्मसीत. ही घरात एकटी. टीव्हीवरचं बोलणं कळायचं नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग तिने एकेक कपाट काढलं. मसाले झाले, डाळी झाल्या, औषधं झाली, शेवटी गॅरेजही झालं. संध्याकाळी मी आले की पदर खोचून दारात उभी. “बघ, किती जागा झाली!” आणि खरंच झालेली असायची.

प्रतापच्या हाताचं विचारतेस. बरा आहे. डावा हात आहे, उजवा नाही, म्हणून सगळे आम्हाला नशीबवान म्हणतात. सर्जनला दोन्ही हात लागतात हे मी आता कोणाला सांगत बसत नाही. ऑपरेशनं बंद आहेत, तो पेशंट नुसते तपासतो. आईला आम्ही गाडीच्या दारात बोटं सापडली असं कळवलं आहे. तेच राहू दे.

एक काम कर. आईने इथून एक डबा नेला आहे, पत्र्याचा, गोल, लाल झाकणाचा. तुझ्या मुलांसाठी त्यात बदाम भरून नेले होते. तो फेकून दे. खायचं काही त्यात ठेवू नकोस. आईला म्हणावं गंजला.

सुमेधा


२९ मार्च १९८७

पद्मा,

इथली बातमी नागपूरला टपालाच्या आधी पोचते, हे मी विसरले होते. कॉर्पस क्रिस्टीच्या रेखाची नणंद तुमच्याच कॉलनीत राहते, तेव्हा दार-बीर काही नव्हतं, बंदूक फुटली, हे तुला कळलं. सुमेधाने काडतूस चुकीचं भरलं, हेही कळलं. आणि तू विचारतेस की बाईमाणसाने असले उद्योग करावेतच कशाला. तर बैस आता, सांगते.

इथे रोही आहेत. हो, आपल्या विदर्भातलेच रोही, ज्यांना पुस्तकात नीलगाय म्हणतात. फार वर्षांपूर्वी कोण्या रँचवाल्याने हौसेने आणून सोडले आणि ते माजले. प्रताप पडला चंद्रपूरचा, आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत वाढलेला. तिकडे शिकार बंद झाली आणि इथे त्याला रोही दिसले. त्याला माहेर भेटल्यासारखं झालं. रोह्याचं कातडं जाड, हाड दणकट. हरणाच्या बंदुकीने तो नुसता जखमी होतो आणि काट्यांत जाऊन तडफडतो. म्हणून प्रतापने जरा मोठ्या नळीची रायफल घेतली, पस्तीस व्हेलन नावाची. तिची काडतुसं दुकानात तयार मिळत नाहीत, घरी भरावी लागतात. वापरलेली पितळी पुंगळी घ्यायची, ती पुन्हा आकारात आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत पावडर मोजून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची.

पहिल्यांदा प्रताप भरायला बसला तेव्हा मी बघत होते. हा माणूस पोह्यांत मीठ मुठीने घालतो. मी म्हटलं, सरक. ही पावडर ग्रेनमध्ये मोजतात. मी फार्मसी शिकले तेव्हा आमच्या जुन्या मास्तरांनी ग्रेनमध्येच पुड्या बांधायला लावल्या होत्या. नंतर सगळीकडे मिलिग्रॅम आलं आणि ती विद्या फुकट गेली. इतक्या वर्षांनी तो ग्रेन मला माझ्याच गॅरेजात भेटला.

सुरक्षित काडतूस एका दिवसात ठरत नाही. पुस्तकात जास्तीत जास्त माप दिलेलं असतं, त्याच्या पुष्कळ खालून सुरुवात करायची. थोडी भरायची, मैदानावर नेऊन झाडायची, आणि प्रत्येक पुंगळी हातात घेऊन बघायची. टोपी चपटी झाली का? बुडावर चकाकता ठसा उठला का? बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, उघडताना अडला का? काही नसेल तर किंचित वाढवायचं. काही दिसलं तर मागे यायचं आणि मागेच राहायचं. अजून थोडी घालून बघू, असं ज्याला वाटतं त्याने हे काम करू नये. मला कधी वाटलं नाही. आणि टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. दुसरा झाकण लावून कपाटात. पद्मा, मला हे काम फार आवडायचं. हॉस्पिटलात दिवसभर लोक घाई करतात, तिथे कोणी घाई करत नव्हतं.

डबे दोन होते. एकात सावकाश जळणारी पावडर, प्रतापच्या रायफलची. दुसऱ्यात चटकन जळणारी, ती फार थोडी घालायची, नाहीतर बंदूक फुटते. तिची मी हलकी काडतुसं करायची, स्वतः कागदावर नेम मारायला. दोन्ही पावडरी करड्या, शेवयांच्या चुऱ्यासारख्या. डबे सारखेच, फक्त चिठ्ठीवरचा नंबर वेगळा. आणि दोन्ही अर्धे.

आपल्या घरात दोन अर्धे डबे कोण राहू देतं? आईने एक दुसऱ्यात ओतला. चटकन जळणारी पावडर सावकाश जळणारीच्या डोक्यावर. मोकळा झालेला डबा घासूनपुसून उन्हात वाळवला आणि मला विचारलं, “हा रिकामा पडलाय, नेऊ का गं पद्माकडे?” मी पेपर वाचत होते. आमच्या गॅरेजात मोकळे डबे नेहमीच पडलेले असायचे. म्हटलं, ने की.

उन्हाळ्यात गॅरेज भट्टीसारखं तापतं, मी त्या डब्यांना हात लावत नाही. ऑक्टोबरात शिकारीच्या आधी भरायला बसले. माप आदल्या वर्षी खालून वर येत ठरवलेलं, डबा तोच, तेव्हा पुन्हा खालून सुरुवात करायचं कारण नव्हतं. दुसरा डबा जागेवर नव्हता, ते मी बघितलंच नाही. हा डबा जड लागला का? लागला असेल, मला आठवत नाही. वरवरची पावडर घेतली, म्हणजे जवळजवळ सगळी चटकन जळणारी. आणि माप दुसरीचं.

मैदानावर प्रतापने झाडलेल्या पहिल्याच काडतुसाला बंदूक फुटली. मी त्याच्या मागे खुर्ची टाकून स्वेटर विणत होते. नळीखालचं लाकूड त्याच्या डाव्या हातात फुटलं. दोन बोटं गेली, तिसरं आहे पण वाकत नाही. चष्म्यामुळे डोळे वाचले. मी विणकाम नीट गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि मग उठले. असं का केलं, ठाऊक नाही.

प्रताप हॉस्पिटलातून घरी आल्यावर मी डब्यातली पावडर पांढऱ्या कागदावर पसरली आणि भिंग लावलं. काही दाणे जाड, काही बारीक. मग मला आईचा तो डबा आठवला. राहिलेली पावडर मी मागच्या गवतावर उधळून टाकली.

प्रतापला वाटतं मी एकाच पुंगळीत दोनदा पावडर घातली. दोनदा घातली तर ती मावणारच नाही, बाहेर सांडेल. हे त्याला दाखवायला एक मिनिट पुरे. पण मग तो विचारेल, तर झालं काय? म्हणून दाखवलं नाही.

आईशी मला बोलता येत नाही, ते यामुळे. रागावलेली नाही मी तिच्यावर. तिचा आवाज आला की माझा आवाज निघत नाही, एवढंच. आईला हे कळता कामा नये. तुला सांगितलं, कारण तू मला कृतघ्न म्हणालीस.

सुमेधा


१० मे १९८७

पद्मा,

त्या डब्यात आई आता देवाच्या वाती ठेवते आणि सोडायला तयार नाही, हे वाचलं. राहू दे मग. वाती कोणी खात नाही.

‘भाऊजींना तरी सांग, ते किती समजूतदार आहेत,’ असं लिहितेस. तोच तर घोळ आहे. तो फार समजूतदार आहे.

पाडव्याला रेखाकडे सगळे जमलो होतो. पानं मांडली होती, डॅलसहूनही एक जोडपं आलं होतं. रेखाने वाढता वाढता विचारलं, “प्रताप, आता ग्रिप येते का रे?”

त्याने हात वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. “येईल, येईल. थेरपी चालू आहे. बट लिसन, सुमीला कोणी ब्लेम करायचं नाही हं. ह्यूमन एरर आहे. कोणाच्याही हातून होतं. आय हॅव फर्गिव्हन हर, कम्प्लीटली.”

रेखाचा नवरा अनिल म्हणाला, “यार, तुझं मन मोठं आहे. मी असतो ना...”

“तर काय केलं असतंत?” मी विचारलं.

“काही नाही हो वहिनी, जोक केला.”

कोणीतरी न विचारता माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. मी ती खाल्ली. कशाची चव लागत नाही, पण पानात टाकायची आपल्याला सवय नाही.

तो दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. टाकून बोलला असता तर मीही बोलले असते. तो माफ करतो, आणि प्रत्येक वेळी माफ करून झालं की माझ्याकडे बघतो. मी एकदा ‘माझं चुकलं’ म्हणेन याची वाट बघतो. मी म्हणत नाही. ऑक्टोबरपासून एकदाही म्हटलेलं नाही. माझं सगळं शिक्षण एवढंच आहे की बाटलीत जे नाही ते चिठ्ठीवर लिहायचं नाही. त्यामुळे तो एका खोलीत असतो आणि मी दुसऱ्या. भांडण नाही, अबोला नाही. “दूध आणलं का?” “आणलं.”

तो वाईट माणूस नाही. दोन्ही हातांनी शिवणारा माणूस होता, आता पेशंटचा रक्तदाब बघतो. त्याला कशाला तरी धरून राहायचंय. मोठ्या मनाने बायकोला माफ करणारा नवरा, एवढं त्याच्याजवळ उरलंय. ते मी काढून घेतलं तर तो काय धरील?

आणि समज, सांगितलं. तो आईलाही माफ करील. रेखाकडे करील, फोनवर करील, तुझ्या लेकीच्या लग्नात मांडवात उभा राहून करील. “आईंना कोणी काही बोलायचं नाही हं.” पंचाहत्तर वर्षांच्या बाईला मी या माफीच्या तोंडी देणार नाही. मला आता सवय झाली आहे. तिला ती व्हायची नाही.

पाडव्याला त्याने तुमच्याकडे फोन केला तेव्हा आईला बंदुकीचं सांगून टाकलं, हे तुला माहीत आहेच. म्हणाला, आईंशी खोटं किती दिवस बोलायचं? मग रिसीव्हर माझ्या हातात दिला. आई म्हणाली, “सुमे, असं कसं गं झालं तुझ्या हातून?” मी म्हटलं, आई, लाइन खराब आहे.

सुमेधा


१९ जुलै १९८७

पद्मा,

प्रतापने तशीच दुसरी रायफल घेतली. नळी तेवढीच, लाकूडसुद्धा त्याच रंगाचं. त्याला ती धड धरता येत नाही. मी विचारलं, कशाला? म्हणाला, “तूच काडतुसं भर. आय ट्रस्ट यू. लोकांना पण कळू दे.” एवढा विश्वास टाकला की माणसाला नाही म्हणायची जागा राहत नाही.

मी पावडरचा नवा सीलबंद डबा आणला आणि अगदी खालून सुरुवात केली. गॅरेजाच्या कपाटाला कुलूप लावलं आहे, जरी आता घरात आवरणारं कोणी नाही. पुंगळ्या नव्या घेतल्या. वजन केलं, पुन्हा केलं. दर शनिवारी मैदानावर गेलो. प्रताप गाडीत बसून राहायचा, काच वर करून, आणि तिथून अंगठा दाखवायचा. झाडायची मीच. पहिली गोळी झाडताना माझा हात थरथरेल असं मला वाटलं होतं. थरथरला नाही, याचंच वाईट वाटलं.

एकेक पायरी वर आले. टोप्या गोल, कडा शाबूत. बुडावर ठसा नाही. बोल्ट लोण्यासारखा उघडायचा. जून संपता संपता मी त्याच मापाला पोचले, जे मी दोन वर्षांपूर्वी ठरवलं होतं. तीन गोळ्या झाडल्या. कागदावर तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली. म्हणजे माझं माप बरोबर होतं. तेव्हाही बरोबरच होतं. ही गोष्ट जगात तुला आणि मला माहीत आहे, आणि तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

प्रताप गाडीतून उतरून आला. कागद हातात घेऊन बघत राहिला. खूश झाला, अगदी मनापासून.

“वा! क्या बात है!” म्हणाला. “बघ सुमी, लक्ष देऊन केलं की होतं.”

मला राग आला. इतका आला की कानात आवाज यायला लागला. पद्मा, मला फार बरं वाटलं. कित्येक महिन्यांत काहीतरी आलं होतं. मी वाकून पुंगळ्या वेचत बसले, त्याला तोंड दिसू नये म्हणून. घरी पोचेपर्यंत तो राग गेला आणि मी कुकर लावला.

त्या मापाची काडतुसं भरून ठेवली आहेत. रोह्यांच्या मोसमात कोणी मागितली तर देईन. प्रताप तर जाणार नाही.

सुमेधा


३० ऑगस्ट १९८७

पद्मा,

प्रतापला डॅलसजवळ शिकवायची नोकरी मिळाली आहे. जानेवारीत जायचं. अर्विंगला घर बघून आला. तिथे आपली माणसं आहेत, इंडियन ग्रोसरी आहे, असं सांगत होता. मी विचारलं, फार्मसीत नोटीस कधी देऊ?

तो म्हणाला, “सुमी, मला एकदा ऐकायचंय. जस्ट वन्स. मी तुला काही म्हणालो नाही, म्हणणार पण नाही. पण तू एकदाही सॉरी म्हणाली नाहीस. इट्स ऑलमोस्ट अ इयर.”

मी ओटा पुसत राहिले.

“नाहीतर मग मी एकटाच जातो. मी चिडून नाही म्हणत. मला असं नाही राहता येत, यार.”

तो खरंच चिडला नव्हता. आणि मला त्याच्याशिवाय राहायचं नाही. हे लिहितानाच मला कळलं, एरवी हल्ली मला कशाचंच काही कळत नाही. तोंड उघडायचं आणि दोन शब्द बोलायचे. लोक दिवसातून दहा वेळा बोलतात, धक्का लागला तरी बोलतात. मला येत नाहीत. आरशासमोरही येत नाहीत.

आणि अशात तू आईचं तिकीट काढलंस. ‘जावयाला असं असताना मी इथे कशी बसू,’ असं ती म्हणाली आणि तू ऐकलंस. सगळं ठाऊक असून ऐकलंस. तू थांबवायला हवं होतंस.

सुमेधा


२२ नोव्हेंबर १९८७

पद्मा,

आई मजेत आहे. थंडी फार नाही. इथून अर्विंगला आम्ही तिघं जाऊ, मार्चपर्यंत ती आमच्याकडे राहील. मी इथल्या फार्मसीत नोटीस दिली. तू ही सगळी पत्रं फाडून टाक, आणि फाडलीस असं मला कळव. आता जे लिहिते त्याचंही तेच कर. यापुढे या विषयावर माझ्याकडून काही येणार नाही.

आई आली त्या दिवशी विमानतळावर तिने माझ्याकडे बघितलंही नाही. सरळ प्रतापचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि उभी राहिली. तोही उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिळाचं तेल कोमट करून ती त्याचा हात चोळते. न वाकणारं बोट धरून हळूहळू वाकवते, काहीतरी पुटपुटत. थेरपीवाली बाई म्हणाली, फरक आहे. खरंच आहे. बोट आता थोडं वाकतं. आईच्या हाताला गुण आहे, हे आपण लहानपणापासून बघतो आहोत.

मी तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. कपाटाला कुलूप का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नियम आहे. तिने मान हलवली. तिला वाटलं मला माझीच भीती वाटते.

मी सॉरी म्हणत नाही, हे प्रतापने तिला सांगितलं असणार. गेल्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिने मला ओटा पुसू दिला नाही.

“ते राहू दे. इकडे ये, बैस. प्रतापराव, तुम्हीही बसा.”

आम्ही बसलो. ती उभीच होती, टेबलावर हात टेकून.

“लहानपणी हिचं काही चुकलं की मी मारायची,” ती प्रतापला म्हणाली. “पद्माला नाही, हिलाच. मोठी म्हणून. त्यामुळे हिला कबूल करायची भीती बसली. हा दोष माझा आहे. माझ्यामुळे झालंय हे.”

पद्मा, हे सगळं ती म्हणाली. दोष माझा, माझ्यामुळे झालं, डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. तिने थांबावं असं मला वाटत होतं आणि तिने तसंच बोलत राहावं असंही वाटत होतं. सांगून टाकायचं असतं तर तीच वेळ होती. एक वाक्य पुरे झालं असतं.

“पण बाई, नवऱ्याचा हात गेला,” ती माझ्याकडे वळली. “एक शब्द बोलायला काय जातं तुझं? मी आहे ना इथे. घाबरू नकोस. म्हण, माझं चुकलं.”

“आई, राहू द्या,” प्रताप म्हणाला. “फोर्स नका करू.”

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर नेहमीची ती माफी नव्हती. तो घाबरला होता. मी आता या घडीलाही नाही म्हणाले तर त्याला जानेवारीत खरंच एकट्याला जावं लागेल, याची भीती. त्यालाही एकट्याने जायचं नव्हतं. वर्षभरात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मी इतकी माझ्या खरेपणात होते.

त्याच्याकडे बघत मला जमलं नसतं. मी आईकडे बघितलं. तिची मान आता हलते, थोडी, सारखी. मी म्हटलं, “माझं चुकलं. माझ्या हातून झालं. मला माफ करा.”

प्रतापने टेबलावर डोकं टेकलं आणि तो रडला. बंदूक फुटली तेव्हा रडला नव्हता, बोटं नाहीत हे बघितलं तेव्हाही नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला माझा वाटला नाही, पण मी काढला नाही. त्याने तो आपल्या वाईट हाताने धरला. ते बोट माझ्या मनगटावर वाकलं.

आईने डोळे पुसले. माझ्या केसांवरून हात फिरवला. आपण तापातून उठलो की फिरवायची, तसा. किती समाधान झालं होतं तिचं! नागपूरहून निघाल्यापासून हेच एक काम मनाशी धरून आली होती ती, आणि ते झालं.

“बघ बरं,” ती म्हणाली, “किती सोपं असतं.”

“हो आई,” मी म्हटलं. आवाज नीट निघाला.

सुमेधा